पाळीचा कागद

तात्यांना सातारच्या बोर्डिंगचं काहीही विचारलं, तरी ते आधी पाळीच्या कागदापाशी येत. बोर्डिंग काढणारे अण्णा दिसायला कसे होते, रागवत का, दाढी खरंच छातीपर्यंत होती का, हे आम्हा नातवंडांचे प्रश्न तसेच थांबून राहत. "कोठीच्या दाराला खिळा होता," तात्या सुरू करत, "त्याला कागद अडकवलेला. दर रविवारी नवा." त्यावर आठवड्याच्या पाळ्या असत. पाणी कोणी ओढायचं, जोंधळा कोणी निवडायचा, जात्यावर कोण, चुलीपुढं कोण, वाढायला कोण, भांडी कोणाकडं, आवार कोण झाडणार. तात्यांच्या आठवणीत त्या कागदावर आडनावं नव्हती. नुसती नावं, आणि एकाच नावाची दोन पोरं असली तर नावापुढं गाव.

तात्या म्हणजे माझ्या आईचे वडील. जन्म १९३१ चा, वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातला. तो तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. तात्यांचं घर जागचं हललं नाही, पण जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं. आमच्याकडे ‘सातारा-सांगली’ हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतात, तो त्यामुळे.

मी गेली सव्वीस वर्षं सांगलीतल्या एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते. संघटनेची संस्कृती आणि धोरणात्मक व्यवस्थापन हे माझे विषय. सुरुवातीची कितीतरी वर्षं तात्यांच्या त्या कागदाचा माझ्या विषयाशी काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही. क्रमिक पुस्तकांत मोटारीचे कारखाने होते, बँका होत्या, विमान कंपन्या होत्या. स्वयंपाकघर कुठंच नव्हतं.

तात्या साताऱ्याला गेले ते चौदाव्या वर्षी, १९४५ च्या जूनमध्ये. महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० साली सुरू झालेलं. फी नाही, राहणं-जेवण तिथंच, आणि त्याच्या बदल्यात अंगमेहनत. घरी पुरुषमाणसानं चुलीपुढं बसायची रीत नव्हती. पहिल्याच आठवड्यात कागदावर तात्यांचं नाव लागलं भाकरीला, आणि जोडीला कोरेगावकडचा, महारवाड्यातून आलेला एक मुलगा. तात्यांच्या गावात त्या मुलाच्या माणसांना पाणी वरून ओतून द्यायचे. इथं दोघांच्या मधे एकच परात होती. तात्यांची भाकरी थापताना फाटायची, तव्यावर टाकताना दुमडायची. त्या मुलाची आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात, त्यामुळं तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून भाकरी करत आलेला. त्यानं तात्यांचे दोन्ही हात धरून परातीत फिरवून दाखवले. "पाणी कमी घे. आणि घाई करू नको, ती आपोआप सरकते."

दिवाळीला घरी गेल्यावर तात्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आईजवळ बोलले. पणजी बराच वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली. मग म्हणाली, "त्याची भाकरी गोल हुती का रं?"

हा प्रसंग मी किती वेळा ऐकला असेन. दर वेळी तात्या पणजीच्या त्या प्रश्नाशी थांबत आणि उठून बाहेर जात.

*

भाऊराव पायगोंडा पाटील यांना मुलं अण्णा म्हणत. जन्म १८८७ चा, कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचा, घराण्याचं गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकायला गेले तेव्हा ते जैन बोर्डिंगात राहत. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथं जातवार, धर्मवार वसतिगृहं उभी राहतील असं पाहिलं होतं. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, अशी ती एकापाठोपाठ निघाली. त्या काळात ती दूरदृष्टीच होती. ज्या जातीत कोणी शिकलेलं नाही, त्या जातीला आधी स्वतःची म्हणून एक जागा हवी आणि त्या जातीतल्या चार पैसेवाल्यांना तिची जबाबदारी घ्यावीशी वाटली पाहिजे. महाराजांनी ते ओळखलं.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत यायला सांगितलं, ती त्यांनी केली नाही, आणि जैन बोर्डिंग त्यांना सोडावं लागलं. मला या घटनेचं महत्त्व फार वाटतं. कोणत्याही संस्थेचा खरा नियम कळतो तो तिथला एखादा माणूस दारात अडवला जातो तेव्हा. एकवीस वर्षांच्या या मुलानं दारात उभं राहून तो नियम पाहिला. पुढं ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा सगळ्यांची चूल एक ठेवली. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी तिथं आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. महाराजांना जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती. ज्यांनी अनेक चुली पेटवून दिल्या, त्यांचं नाव एका चुलीच्या घराला लागलं. यात मला विरोध दिसत नाही. आधीचं काम झालं होतं म्हणून पुढचं करता आलं.

संस्था काढण्यापूर्वी भाऊरावांनी काही वर्षं फिरता विक्रेता म्हणून काढली होती. ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव हिंडले. हा भाग चरित्र सांगणारे दोन वाक्यांत उरकतात आणि माझं मन नेमकं तिथं रेंगाळतं. नांगर विकणाऱ्याला काय काय कळत असेल? कुठल्या गावात पाटील ऐकून घेतो, कुठल्या गावात सुगीनंतरच पैसा दिसतो, कुठल्या घरात हुशार पोरगं आहे आणि त्याला गुरांमागं धाडलंय, कुठल्या चावडीत चार भिंती रिकाम्या पडल्यात. आज ज्याला आम्ही वर्गात ‘पर्यावरणाचं विश्लेषण’ म्हणतो, ते या माणसानं पायी केलं होतं. पुढं एका कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी जीव ओतला, नफ्यातला वाटा शिक्षणाला मिळेल या बोलीवर. तो मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी एका मोठ्या हाताकडं बघणं सोडलं आणि पुष्कळ लहान हातांकडं वळले.

*

त्या लहान हातांपैकी एक माझ्या आजीचा. तिचं माहेर कऱ्हाड तालुक्यातलं. तिच्या घरी जात्याशेजारी एक बुटकं मडकं असायचं. दळायला बसण्यापूर्वी तिची आई जोंधळ्याची एक मूठ त्यात टाकायची. बोर्डिंगातली पोरं आठवड्याला झोळी घेऊन यायची आणि मडकं रिकामं करून न्यायची. मूठफंड म्हणत त्याला. आजी पाच-सहा वर्षांची असताना तिची मूठ वेगळी टाकायचा हट्ट करायची. "माजी मूठ ल्हान, म्हून मी दोन टाकायची," असं ती सांगे. आणि तात्या जवळ असले तर पुढचं वाक्य ठरलेलं: "आमच्या जोंधळ्यावर शिकलाय ह्यो, आन् मलाच हिशेब सांगतोय."

तात्या यावर कधी उत्तर देत नसत. हसायचे, पण मान खाली घालून.

मूठ देणारी बाई शाळा पाहायला कधी गेलेली नसायची. तिचा मुलगा तिथं असेल असंही नव्हतं. पण रोज सकाळी धान्याला हात घालताना तिला त्या पोरांची आठवण करावीच लागे. वर्षाकाठी एका शेठजीनं दिलेली थैली आणि वर्षभर रोज टाकलेली मूठ, यांतून जमणारं धान्य कदाचित सारखंच भरेल. पहिल्यानं संस्थेला एक आश्रयदाता मिळतो. दुसऱ्यानं गावच्या गाव त्या संस्थेत गुंतून राहतं, आणि मग गावात शाळा काढायची म्हटल्यावर देवळाची ओवरी कोणी अडवत नाही.

लक्ष्मीबाई वहिनींची गोष्ट मात्र आजी सांगायची नाही, ती ऐकायची. भाऊरावांच्या पत्नी. पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं एकेक करून गेलं आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या वारल्या. तात्या साताऱ्याला गेले तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी मोठी मुलं नव्या मुलांना ती गोष्ट पहिल्या रात्री सांगत. तात्यांनाही ती पहिल्या रात्रीच कळली. आजीनं ती तात्यांकडून लग्नानंतर ऐकली आणि म्हणाली, "त्यास्नी कुनी इचारलं हुतं का, देऊ का म्हून?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या संस्थांच्या पायात अशा किती बायकांचं सोनं आणि आयुष्य पुरलेलं आहे, आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांची जागा कुठं होती, हे आपण विचारत नाही. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिनं विचारलं.

*

१९१९ हे साल सांगलीत दुसऱ्या एका कारणानं सांगतात. त्याच वर्षी विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. पुण्याच्या फर्ग्युसनचं हे धाकटं भावंड. आमच्या शेजारी त्या कॉलेजात शिकलेले आणि पुढं शिक्षक झालेले एक सर राहत. गावभागातलं जुनं घर सोडून विश्रामबागेत आलेले. तात्या आमच्याकडं राहायला आले की दोघं संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत जायचे. कधी मीही बरोबर असायची. त्या दोघांच्या बोलण्यातून मला माझा विषय पहिल्यांदा नीट समजला.

सर सांगत ती पुण्याची हकिकत. १८८४ साली सोसायटी निघाली तेव्हा तिच्या मुळाशी आजीव सदस्य ही कल्पना होती. वीस वर्षं संस्थेला बांधून घ्यायचं, पगार बेताचा, आणि संस्था चालवायची ती शिक्षकांनीच. रँग्लर परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आले आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनला शिकवायला लागले, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा. आणि मग १८९० चं ते भांडण. सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी का, बाहेरच्या कामात वेळ घालावा का, यावरून मतभेद वाढत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेही टिळकांना पटलं नाही. टिळकांनी राजीनामा दिला, त्याबरोबर आपली बाजू मांडणारं भलंमोठं पत्र लिहिलं.

"टिळकांचंच बरोबर होतं," तात्या म्हणायचे. "माणूस एकदा संस्थेचा झाला की झाला."

"मग गोखले देशाला मिळाले नसते," सर म्हणायचे.

"टिळक शाळेला राहिले नाहीत, त्याचं काय?"

यावर दोघंही गप्प व्हायचे आणि पुलाच्या कठड्यावरून नदीकडं बघत राहायचे. तो वाद माझ्यासमोर निदान दहा वेळा झाला. दर वेळी तेवढ्याच कळकळीनं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता तेच प्रकरण शिकवते. संस्थेचा माणसाच्या उरलेल्या वेळावर हक्क किती, हा प्रश्न आजही कुठल्याही शिक्षकांच्या खोलीत जिवंत आहे, फक्त तो इतक्या उघडपणे आणि इतक्या प्रामाणिकपणे कोणी मांडत नाही. टिळक आणि आगरकर, गोखले ही माणसं त्यावर एकमेकांपासून तुटली, कारण त्यांच्यासाठी ती पगाराची बाब नव्हती.

रयतेनंही लाइफ मेंबरची पद्धत ठेवली. फरक माणसांत होता. पुण्यात पदवी घेऊन आलेली माणसं आजीव सदस्य झाली. साताऱ्यात वसतिगृहात भांडी घासलेली पोरं शिकून परत आली आणि लाइफ मेंबर झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याचं ठळक उदाहरण. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेत शिकवायला लागले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

*

रयतेच्या वाढीचा क्रम एकदा कागदावर मांडून पाहिला, तेव्हा मी थक्क झाले. आधी वसतिगृह. मग १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवायची जागा. त्यातून निघालेले शिक्षक घेऊन, जिथं शाळाच नाही अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा. त्या शाळांतून वर आलेल्या मुलांसाठी १९४० साली हायस्कूल. हायस्कूलच्या मुलांसाठी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज. १९५५ साली हायस्कूलचे शिक्षक घडवायला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीची पोरं उभी आहेत. आधी इमारत बांधून मग शिक्षक शोधणं कुठंच नाही. तात्यांचं सगळं आयुष्य या क्रमात बसतं. ते पहिली अक्षरं शिकले ती मारुतीच्या देवळातल्या व्हॉलंटरी शाळेत, मग सयाजीराव, मग शिवाजी कॉलेज, मग नोकरी, आणि नोकरीत असताना आझाद कॉलेज.

शिवाजी कॉलेजच्या नावाची एक गोष्ट साताऱ्यात सगळे सांगतात. मोठ्या देणगीच्या बदल्यात कोणी नाव बदला म्हणालं, तेव्हा अण्णांनी सांगितलं, एकवेळ बापाचं नाव बदलीन, पण हे नाही. ही गोष्ट तात्यांनी मला सांगितली, त्यांना त्यांच्या मुख्याध्यापकांनी सांगितली होती, आणि मी ती पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते.

तात्यांची पहिली नेमणूक नगर जिल्ह्यात झाली, दुसरी साताऱ्याकडं, तिसरी पार पनवेलच्या बाजूला. रयतेच्या शाळांत बदली हा जगण्याचाच भाग. आजी ट्रंक भरण्यात इतकी तरबेज झाली होती की पाट्याचा दगड सोडून सगळं घर दोन तासांत बैलगाडीत चढे. या बदल्यांमुळं एका गावची रीत दुसऱ्या गावी गेली. तात्यांनी नगर जिल्ह्यात पोहोचल्यावर पहिल्या रविवारी काय केलं असेल? वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकला. कुठल्या परिपत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. तिथून शिकून गेलेला एकजण पुढं दुसऱ्याच संस्थेत रेक्टर झाला आणि त्यानंही खिळा ठोकला, हे तात्यांना त्याच्या पत्रातून कळलं. ते पत्र आजीनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

अशा रीती संस्थेच्या कुंपणाबाहेरही जातात. पाटण तालुक्यातल्या रामपूरचे बापूजी साळुंखे रयतेतून बाहेर पडले आणि १९५४ साली कोल्हापुरात त्यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था उभी केली. सोनसळचे पतंगराव कदम शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका करून शिकले, काही काळ रयतेच्या हडपसरच्या शाळेत शिक्षक होते, आणि १९६४ साली त्यांनी पुण्यात भारती विद्यापीठ काढलं. रयतेच्या बोधचिन्हावर वड आहे. पारंब्या कुठं टेकतील हे बुंध्याला ठरवता येत नाही.

९ मे १९५९ ला अण्णा गेले. तात्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. संस्था आता टिकते की नाही, अशी कुजबुज तेव्हा होती. आज तिच्या सातशेच्या वर शाखा आहेत.

*

बर्टन क्लार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७० साली अँटिऑक, रीड आणि स्वार्थमोर या तीन कॉलेजांचा अभ्यास मांडला. काही शिक्षणसंस्थांना स्वतःची एक गाथा असते, असं त्याचं म्हणणं. संस्थापकानं ती सुरू केली तरी पुढं तिला जपतात ते जुने शिक्षक, अभ्यासक्रमातली एखादी वेगळी प्रथा, आणि विद्यार्थी. अँटिऑकमध्ये १९२१ पासून मुलं काही महिने शिकत आणि काही महिने बाहेर नोकरी करत. वाचताना मला साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतलं भाऊरावांचं वसतिगृह दिसत होतं. तेच अँटिऑक पैशाअभावी २००८ साली बंद पडलं आणि माजी विद्यार्थ्यांनी खटपट करून २०११ साली पुन्हा उघडलं. गाथा असली म्हणजे तिजोरी सांभाळावी लागत नाही, असं नाही. पण गाथा नसती तर ते दार पुन्हा उघडायला कोण आलं असतं?

हे वाचलं तेव्हा आमच्या महाविद्यालयात नॅकच्या मूल्यांकनाच्या फेरीची तयारी चालू होती. ध्येय, दृष्टी, मूल्यं आणि पाच वर्षांचा धोरण आराखडा लिहायची समिती झाली आणि विषय माझा म्हणून लेखणी माझ्या हाती आली. आम्ही दोन दिवस बसलो. पाच मूल्यं ठरली. त्यांतलं तिसरं सर्वसमावेशकता. चहा आला. आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते ट्रे घेऊन आत आले, आमच्यापुढं बशीसकट कप ठेवले आणि बाहेर जाऊन आपला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला. प्यून मंडळींचे पेले वेगळ्या फळीवर असत. मी अकरा वर्षं त्या खोलीत चहा पीत होते. ती फळी मला त्या दिवशी दिसली.

मी ते बैठकीत बोलले. कोणी वाईट बोललं नाही. "मॅडम, ही काय आराखड्यात लिहायची गोष्ट आहे का?" एवढंच एकजण म्हणाले, आणि त्यांना खरोखरच ती तशी वाटत नव्हती. आराखडा छापून झाला. मी पँट्रीच्या दाराला एक कागद लावला. चहा करायची, कप धुवायची पाळी, प्राध्यापक-शिपाई सगळ्यांची नावं. तीन आठवडे चालला. चौथ्या आठवड्यात परीक्षा आल्या, कोणी कागद काढला ते कळलं नाही आणि मीही दुसरा लावला नाही. तात्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "तू लिहिलास का कागद? मग कसा चालंल. आमचा कागद पोरं लिहायची."

*

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली. गावभाग पाण्याखाली, सरांचं जुनं घर माडीपर्यंत. आमचं महाविद्यालय उंचावर, तिथं माणसं आणली. पहिल्या रात्री तीनशेच्या आसपास असतील. वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या. कुठून तरी तांदूळ आले, कुठून तरी मोठी पातेली. गोंधळ इतका की एका वर्गात दोनदा जेवण गेलं आणि वरच्या मजल्यावरच्या बायका उपाशी झोपल्या. एका वर्गात एका वस्तीतली माणसं बसली होती आणि दुसऱ्या वस्तीतल्यांनी तिथं जायला नको म्हटलं, हेही झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर पँट्रीच्या दाराशी गर्दी होती. दाराला कागद. पाठकोऱ्या उत्तरपत्रिकेवर मार्करनं लिहिलेला. तांदूळ निवडायला, पाणी भरायला, फोडणीला, वाढायला, पातेली घासायला, संडास धुवायला. नावं सगळी होती, पूरग्रस्त बायांची, एनएसएसच्या पोरांची, आमच्या दोन प्राध्यापकांची. खाली कोपऱ्यात माझंही होतं, दुपारच्या भांड्यांना. एकाच नावाच्या दोन बाया होत्या, त्यांच्या नावापुढं गल्ली लिहिली होती.

मामा रात्रभर तिथंच होते.

त्या संध्याकाळी इस्लामपूरहून तात्यांचा फोन आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. लाइन तुटत होती. पाणी किती, सर कुठं आहेत, तू जेवलीस का, हे झालं. मग मी कागदाचं सांगितलं.

"कुणी लिवला?" शिक्षकाची भाषा सोडून ते त्यांच्या गावच्या बोलीवर आले होते.

"मामांनी. रात्री पोरांना घेऊन."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन गेली.

"आन् वाढायला कोण हाय?"

मी नावं वाचून दाखवायला लागले.